काठावरचा मार

जगात जर्मनी, भारतात परभणी.
शाळेत ऐकलं तेव्हा हसले होते.
आता जर्मनीची ती परभणीत राहते,
माझ्या कपाटात, वरच्या कप्प्यात, फ्लॅनेलात गुंडाळून.
गोळ्या वेगळ्या कुलुपात,
अन् एक किल्ली कुठे असते
ते नवऱ्यालाही ठाऊक नाही.

बावीसची. नेमबाजीची. चाप हजार ग्रॅमचा.
स्पर्धेआधी चापाला किलोचं वजन टांगून बघतात,
म्हणून मी मुंदड्यांच्या किराण्यातून
लोखंडी किलो उसना आणते.
"वहिनी, घरी काय मोजता एवढं?"
"साखर," म्हणते.
खरं सांगितलं तर पुढच्या वेळी द्यायचा नाही.

निवडणूक लागली की आचारसंहिता,
आचारसंहिता लागली की ठाण्यातून फोन:
ताई, हत्यार जमा करा.
हत्यार.
कागदाला भोकं पाडणाऱ्या वस्तूला
सरकारी रजिस्टरात दुसरा शब्दच नाही.
गव्हाणे हवालदारांनी नंबर दोनदा ताडून पाहिला,
पावती दिली,
अन् दोन बारा-बोअरच्या शेजारी तिला ठेवलं
अंडी ठेवावीत तसं.

दोन महिने अकरा दिवस.

परत आणली तेव्हा बाहेर चव्वेचाळीस अंश.
मॅगझीन काढलं. चेंबर पाहिलं.
पुन्हा पाहिलं.
खय्यूम सर म्हणायचे,
रिकामी आहे हे माहीत असणं वेगळं
अन् रिकामी बघणं वेगळं.

स्लाइडवर, डाव्या अंगाला, गंज.
अंगठ्याचा. रेघा मोजता येतील इतका स्वच्छ.
मनातल्या मनात गव्हाणेंना दोन शिव्या हासडल्या.
उन्हाळ्याचा हात, घाम, मीठ;
कुणाचं मीठ खाल्लं
ते लोखंडाला विसरता येत नाही.

शिवणयंत्राचं तेल. जुन्या धोतराचं फडकं.
दातांचा मऊ ब्रश.
चेंबरच्या तोंडाशी मेण साचलेलं.
या गोळ्यांना वरून मेण असतं,
मे महिन्यात डब्यातच त्यांना घाम फुटतो.
चेंबर घासायचं, नळी मात्र बेतानं:
गोळ्यांनी नाही, चमकवायच्या नादानं
बंदुका बाद होतात. हेही सरांचंच.

हिच्या गोळीत दारू पेटते ती काठावर.
मधोमध नाही.
पिन बुडाच्या कडेवर बसते,
कड चेपते, अन् मग सगळं.
म्हणून रिकामी चालवायची नाही;
गोळी नसली की पिन चेंबरच्याच कडेला खोच पाडते.
उपाय चार आण्यांचा:
भिंतीत स्क्रूसाठी ठोकतात ती पिवळी गिट्टी.
शेषराव इलेक्ट्रिशियन मूठभर देतो.
"काय टांगायलात मॅडम एवढं?"

तेलाचं बोट फिरवता फिरवता, उगंच,
माझा अंगठा त्या डागावर ठेवला.
बसला.
विळीनं कापल्याच्या जुन्या व्रणासकट.

जमा करायच्या दिवशी लॅबला उशीर होत होता.
पुसायची राहिली होती
ती माझ्याच हातून.
गव्हाणेंना फोन करून माफी मागावी
तर कशाची?

डाग थोडा गेला, थोडा राहिला.
राहू दे.

गिट्टी घातली. भिंतीवर पेन्सिलीचा ठिपका.
हात सरळ. नजर पुढच्या माशीवर;
ठिपका अंधुक, तो अंधुकच असू द्यायचा असतो.
अर्धा श्वास.
कुकरची तिसरी शिट्टी अजून व्हायची होती.

टक्.

माशी हलली नाही.
शिंकलीही नाही.