तिसरं ॲप

फोंड्याच्या तिस्कावर, बॅटरी बदलतात त्या दुकानात
आग्नेल म्हणाला, बाय, जागा संपली.
एक तरी काढावं लागणार.
आणि दाताच्या डॉक्टरनं आरसा धरावा
तसा फोन माझ्यासमोर धरला.

व्हॉट्सॲप तर काढता येत नाही.
त्यात देवळाची समिती आहे, पाण्याचा टँकर आहे,
वीज जाणार हे वीज गेल्यावर कळवणारा लाइनमन आहे,
आणि रोझालिन, पहाटे साडेपाचला टोपलीचा फोटो टाकणारी:
आज शेवटे. डोळे बघून घ्या.

दुसरं समीक्षानं पुण्याहून येऊन घालून दिलेलं.
आई, ह्यात तू लिहिलेलं तिसरं कोणी वाचत नाही.
मी म्हटलं, इथं दुसरंही कोणी वाचत नाही.
ती हसली नाही.
चोवीस तासांत सगळं आपोआप पुसलं जातं त्यात.
मी तिला सोलकढीचं प्रमाण लिहून पाठवलं,
परवा तिनं पुन्हा विचारलं.
परवाच्या परवाही.

मग हे, केशरी थेंबाचं.
हे आता कोण वापरतं, आग्नेल म्हणाला. काढू?
त्याचं बोट थेंबावर,
बसू की नको असं करणाऱ्या माशीसारखं.

ते मी निवडलं नव्हतं.
जहाजानं निवडलं होतं.
गुरुदास तेव्हा लॉन्ड्रीत, पाण्याच्या रेषेखाली,
जिथं खिडकी द्यायचं कारणच नसतं.
वायफाय मिनिटांवर विकत,
आणि त्या मिनिटांत हे एकच धावायचं.
आवाज नाही, चेहरा नाही, नुसती अक्षरं.
आणि हा माणूस,
लग्नात माझं नाव घ्यायला सांगितलं
तर रुमाल शोधत बसलेला हा माणूस,
लिहायला लागला.

आज समुद्र इस्त्री केल्यासारखा. फक्त घडी घालता येत नाही.

आज चारशे टॉवेल. एकात दुधाचा दात मिळाला.
ठेवून दिलाय. कोणी विचारत आलं तर.

आज तुझी आठवण आली असं लिहिणार होतो, मिनिट संपलं.

(हे शेवटचं पुढच्या मिनिटात लिहिलेलं.
म्हणजे वेगळे पैसे भरून.)

अकरा वर्षं. नऊ करार.
मग गुडघे गेले आणि तो बोरीला परत आला,
व्हरांड्यात खुर्ची ओढून बसला
आणि संपला त्याचा मजकूर.
हूं.
नको.
मीठ.
घरातलं वायफाय महिन्याचं आहे, कितीही वापरा.

बाय, काढू ना?

मी म्हटलं, लेकीचं काढ.
तसंही ते रोज पुसलेलंच असतं.
आग्नेलनं खांदे उडवले, बॅटरीचे पैसे घेतले,
सुटे नाहीत म्हणून एक चॉकलेट दिलं.

बसमध्ये उघडून बघितलं.
वर वर सरकवत गेले, पूल येईपर्यंत.
त्या दाताचं पुढं काय झालं, ते कुठंच नव्हतं.
मी कधी विचारलंच नव्हतं की काय.

घरी आल्यावर शेवटे साफ केले, मीठ-हळद लावली.
मग हात पुसून, स्वैपाकघरातून,
दहा पावलांवरच्या माणसाला लिहिलं:
तळू की हुमण?

व्हरांड्यात थेंब पडल्याचा आवाज झाला.
म्हणजे त्यानंही काढलेलं नव्हतं.

खुर्ची करकरली. चष्म्याची डबी उघडल्याचं ऐकू आलं.
तळ.

एवढंच. मी रवा काढला, तवा ठेवला.
मग खाली बारीक अक्षरांत:
लिहीत आहे.
थांबलं. पुन्हा आलं. लिहीत आहे.

तेल तापलं होतं.
मी गॅस बारीक केला.