डावखुरे ठोके

आली तेव्हा ती गाडी नव्हती.
ट्रॉलीवर एक सांगाडा, ड्रायव्हरच्या जागी
कोंबड्यांनी तुडवून केलेली गवताची गादी,
आणि काट्यांच्या तबकडीमागे एक अंडं,
कोणत्या सालचं कोण जाणे.

इंजिन नव्हतंच.
दोन महिन्यांनी सापडलं, पो नदीकाठी,
ओलिंदो नावाच्या म्हाताऱ्याच्या पंपघरात.
छप्पन्न साली घाटातल्या शर्यतीत तिसरं आलेलं इंजिन
एकोणीस वर्षं मक्याला पाणी देत होतं.
"गुणी होतं," ओलिंदो म्हणाला, "पण पितं फार."

मालक मिलानचे, दातांचे डॉक्टर.
दर मंगळवारी फोन : मूळ रंग सापडला का?
नखाएवढी खिडकी करून मी खरवडत गेले.
पांढरा, कुणा औषधवाल्याच्या लेकीच्या लग्नासाठी लावलेला.
त्याखाली हिरवा, घाईत मारलेला,
कर्ज बुडवून पळताना मारतात तसा.
आणि तळाशी लाल नाही. निळसर राखाडी,
जानेवारीत मोदेनावर दुपारी चारला असतं ते आभाळ.
डॉक्टर हिरमुसले. त्यांना लालच हवी होती.

मग डावं दार उतरवून मी पालथं घातलं.
आतल्या अंगाला, जिथे कुणी बघत नाही,
अ‍ॅल्युमिनियमवर हातोडीचे ठोके,
माशाच्या खवल्यांसारखे, सगळे उलट्या बाजूला कललेले.

त्या कारखान्यात डावखुरा एकच होता.
जेवताना त्याचं कोपर माझ्या कोपराला लागायचं.

घरी बाबांनी गाड्यांचं नाव कधी काढलं नाही.
पत्र्याला मारायचं नसतं, म्हणायचे, समजवायचं असतं.
दिवसभर समजवून आलेल्या माणसाला
संध्याकाळी आम्ही ओरडून हाका मारायचो.
शर्यतीचा फोटो पेपरात आला होता :
हार घातलेला ड्रायव्हर, शेठजींची टोपी,
कडेला अर्धं कापलेलं दार.

सगळं आरशासारखं हवं, असं करारात होतं.
मी बाहेरून आरसा केला.
आतल्या बाजूला हात लावला नाही.
चामड्याचं अस्तर चढवलं, स्क्रू आवळले,
बिलात त्याचा उल्लेख नाही.

पहिल्यांदा सुरू केली त्या दिवशी
ओलिंदो टाय बांधून आला. डोळे मिटून ऐकलं.
"पाण्यावर असताना याहून बरं बोलायचं," म्हणाला.

डॉक्टर आत बसले, दार ओढलं,
काच खाली करून डावं कोपर टेकलं,
लोक टेकतात तसं, सहज.

मी माझं कोपर जरा आवरून घेतलं.