ॲमिल

बावीस हिवाळे मी या माळाचे फोटो काढतो आहे
आणि गारफील्ड कॉन्टर विचारतो, "यात वारा कुठाय?"
त्याच्या मेंढ्या असतात कधी माझ्या चौकटीत,
पुठ्ठ्यावर निळा फराटा, पाठ पश्चिमेकडे.
त्या तो एकेक ओळखतो. टेकडी ओळखत नाही.
"ही आपली टेकडी? इतकी गप्प कधी असते ती?"

डार्टमूरवर पाऊस वरूनच येतो असं नाही.
आडवा येतो, कॉलरमध्ये शिरतो,
खालूनही येतो, बुटाच्या शिलाईतून.
शेवाळावर पाय पडला की जमीन हळूच कबूल करते
की ती जमीन नाही.
मी तिकाटणं रोवतो, त्याचा एक पाय बुडतोच.
चपटा दगड सरकवतो. भिंगावर थेंब. पुसतो. थेंब.
अख्ख्या दुपारीत एक फिल्म,
बाकीचं सगळं पुसणंच.

धुक्याचं वेगळं. धुकं ताकास तूर लागू देत नाही.
घराएवढ्या दगडांची चळत,
चार पावलांवर असते आणि नसते.
तेव्हा मी कॅमेरा झाकून डब्यातली पेस्टी खातो
आणि तट्टांचं फुरफुरणं ऐकतो.
त्यांना मी दिसत असेन बहुधा.

मार्चात हेदर जाळतात, गॉर्स जाळतात.
सुंभ जळतो, पीळ उरतो;
त्या काळ्या वाकड्या काड्यांचे फोटो बरे येतात.
लष्कराचे लाल बावटे चढले
की उत्तरेकडचा माळ तोफांचा.
मी रस्त्यावरून बघत राहतो.
उजेड नेमका त्याच दिवशी पडतो, तिरपा, हवा तसा.

सगळं टिपलं. एक राहिलं.
इथली जुनी माणसं त्याला ॲमिल म्हणतात:
बर्फ वितळू लागावा, आणि पुरता वितळायच्या आत
पुन्हा कडाक्याचं गोठावं,
मग पातं न् पातं, काटा न् काटा,
कुंपणाची तारसुद्धा काचेच्या म्यानात.
वर ऊनही पडायला हवं.
पोस्टातल्या लव्हडे हेक्स्टनं ते सातव्या वर्षी पाहिलं होतं.
विचारलं की ती नुसते हात पुढे करायची,
बोटं फाकवून,
आणि हलवायची नाही.

परवाच्या जानेवारीत ते आलं, सव्वाआठला.
मी वर होतो, नशीब म्हणा.
काळं कापड डोक्यावर घेतलं. काचेवर उलटा माळ,
खाली आभाळ, वर पेटलेलं गवत.
कळ दाबली.
शटर हललं नाही. आतलं तेल थिजून मेण झालेलं.
फुंकर घातली. भिंग काढून बगलेत धरलं,
गारठलेल्या कोकरासारखं.
शिवी दिली. पुन्हा दाबली.

कॉन्टर चढत आला, चुकलेली घोडी शोधत.
पावलागणिक कपबश्या फुटल्याचा आवाज.
माझ्याकडे पाहिलं. यंत्राकडे पाहिलं.
हसला नाही, हे मी विसरणार नाही.
वाकून त्यानं एक पातं चिमटीत धरलं
आणि वरचा बर्फ अलगद ओढून काढला.
म्यान तेवढं हातात, पातं खाली तसंच, ओलं.
आत शीर न् शीर उमटलेली, कडेची करवतसुद्धा.
"धर," म्हणाला, "निगेटिव्ह."

मी हातमोजा काढून घेतलं. तिथंच चुकलं.

मग घोडी आली दगडांमागून,
शेपटीच्या केसाकेसाला बर्फ, चालताना किणकिणणारी.
तो तिच्यावर खेकसला, रात्रभर कुठं होतीस म्हणून,
आणि आयाळीला धरून खाली घेऊन गेला.

दहापर्यंत सगळं टपटपून संपलं.
अकराला शटर सुटलं, आपणहून, कुणी न दाबता.
त्या दिवसाचा तो एकच फोटो:
तपकिरी गवत, करडं आभाळ, कुंपण.
कॉन्टरनं मागून नेला.
स्वयंपाकघरात लावलाय, चुलीच्या वर, जरा तिरकाच.
पाहुणे विचारतात, काय आहे यात?
तो आधी चष्मा शोधतो.
मग काठीच्या टोकानं दाखवतो,
"ओलं आहे बघ अजून."