माया

रुवीत, मशिदीमागच्या गल्लीत सालिम बिन खलफानचं दुकान.
बावीस वर्षं मी तिथं दिशदाशे शिवतोय.
गळ्याशी लोंबणारा गोंडा, फराखा म्हणतात,
अत्तरात बुडवतात तो,
गिऱ्हाईक माझ्याच हातचा मागतं.

गाठ उजव्या मांडीत होती. पायडलच्या पायात.
दुखत नव्हती, म्हणून राहिली.
रात्री खोलीतले झोपले की मीच टेप लावायचो:
सव्वा इंच. दीड. पावणेदोन.
मापांच्या वहीत, शेवटच्या पानावर,
तारीख घालून. नाव न घालता.

इस्पितळात फाइलीवर गोपीचंदचा जोबीशंद झाला.
डॉक्टर मैसा म्हणाल्या, सार्कोमा,
आणि त्यातही विरळा, लाखांत एखाद्याला होणारा.
लाखांत एक!
एवढं कौतुक माझं कोणी केलं नव्हतं.

कागद ओढून त्यांनी गाठ काढली, भोवती लांबून एक रेघ.
गाठीला सुरी लावायची नाही, म्हणाल्या,
न उघडता, भोवतीच्या चांगल्या मांसासकट
अख्खी उचलायची.
बाहेर चांगलं किती सुटतं, त्यावर पुढचं सगळं.
मी म्हटलं, माया.
काय?
शिवणीबाहेर सोडतात ते कापड. आम्ही माया म्हणतो.
नर्स जिन्सी हसली, आमच्याकडे माया म्हणजे भास.
तिसरा अर्थ मी सांगितला नाही.

आधी पंचवीस दिवस किरणं.
हे मला समजवावं लागलं नाही.
बेतायच्या आधी कापड भिजवतात,
आटायचं ते आटून जाऊ दे.
मग सलाइनमधून लाल औषध.
पांढऱ्या कापडावर माझे केस पडू लागले,
तेव्हा सालिमनं मला काजं-बटणांवर बसवलं, शब्द न बोलता.
त्यानं माझा व्हिसा वाढवला.
त्यानं माझा अर्धा पगार कापला.
दोन्ही खरं.

किती? मी विचारलं.
पाच वर्षं हे आमचं माप, त्या म्हणाल्या.
शंभरातले साठेक पाच वर्षं ओलांडतात.
गाठ पाच सेंटिमीटरच्या आत असती तर
आणि त्या थांबल्या.
खोलीवर येऊन मी वही काढली.
पाच सेंटिमीटर म्हणजे दोन इंच.
दोन इंचांपुढे तारीख आहे, शाबानातली.
त्याच दिवशी, पुढच्या पानांवर,
ईदचे एकोणीस दिशदाशे.
सगळे वेळेत दिले होते.

पाय राहिला. मांडीत वाटीएवढा खड्डा.
रिपोर्ट जिन्सीनं वाचून दाखवला:
तीन बाजूंना एक सेंटिमीटर,
आतल्या अंगाला, नसेलगत, दोन मिलिमीटर.
दोन मिलिमीटर.
एवढ्यावर मी कुणाची बाही सोडली नसती.
पण नस कापली तर पाय जातो, त्या म्हणाल्या,
तिथं कापडच नव्हतं.

आता दर तीन महिन्यांनी छातीचा फोटो.
गेली तर ती फुफ्फुसांत जाते.
फोटो आणि निकाल यांच्यामध्ये चार दिवस असतात.
त्या चार दिवसांत मी डाव्या पायानं पायडल शिकतो.
मशीन बावचळतं, उधळतं,
टाके नवशिक्यासारखे पडतात.

काल लांज्याहून सुलभाचा फोन.
केतकीला गणवेश हवा, आठवीचा.
सैल शिवा, म्हणाली, भराभर वाढतेय.
निळं कापड टेबलावर पसरलंय.
बगलेशी खडूच्या दोन रेघा आखल्यात:
एक बेताची,
पुढच्या जूनला पुन्हा मीच माप घेणार असेन तर.
दुसरी चार बोटं लांब,
उसवून, सोडून, दहावीपर्यंत पुरेल अशी,
कोणालाही उसवता येईल अशी.

कात्री हातात घेऊन उभा आहे मघापासून,
सगळा भार डाव्या पायावर.

पलीकडून सालिम हाक मारतोय,
जोबीशंद, चहा.