दाब

भंगारवाल्याकडून चाळीस रुपयांत घेतली
पडद्यांच्या नमुन्यांची जाड वही,
बंद पडलेल्या कुठल्याशा दुकानाची.
हातभर तुकडे, कडा करवतीसारख्या कातरलेल्या,
प्रत्येकाच्या कोपऱ्यात पिवळी चिठ्ठी :
मीटरला एकशे दहा, मीटरला दोनशे चाळीस.
एवढ्या खिडक्या माझ्या घराला कधीच नव्हत्या.

मला फक्त चष्म्याला घर शिवायचं होतं.

दिवसभर मी अमळनेरच्या डेपोत गाड्या पुकारते.
पारोळामार्गे धुळे, फलाट तीन.
चोपडा, फलाट पाच.
माईकवर चुकलं तर उसवता येत नाही,
माणसं पिशव्या उचलून पळत सुटलेली असतात.
मशीनवर बरं.
तिथे चूक मांडीवर घेऊन बसता येतं.

पहिल्या वेळी
चष्म्याभोवती खडूनं रेघ मारली
आणि रेघेवरच शिवत गेले.
चष्मा आत जाईना.
कापडाला जाडी असते, हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं.
सुकलाल खैरनार, शाळांचे गणवेश शिवतो,
तोंडातली टाचणी न काढता म्हणाला,
"दाब कोठे से व बहीन?
कापडले बी दम लेवाले जागा लागस."

मग दाब सोडला, बोटभर.
कापड खालून दुमडलं, दोन्ही बाजू शिवल्या, उलटवलं.
एका अंगाला मोर चालत होते.
दुसऱ्या अंगाला तेच मोर
पाय वर करून पडलेले,
मे महिन्यात दुपारी दोनला पडावेत तसे.

तिसऱ्याच्या वेळी वरून शिवण देखणी,
खाली पाहते तर शेवयांचा गुंता.
बॉबिन उलटी बसली होती.
एवढं कळायला तीन संध्याकाळी गेल्या,
त्यातली एक लाइट नव्हती म्हणून.

मग चेन.
दाताला लागून सुई तुटली, टोक उडालं.
रोहिदासच्या शाळेच्या चुंबकानं फरशी झाडून काढली :
एक सेफ्टी पिन, पेनाची स्प्रिंग, दोन खिळे.
टोक नाही.
आठवडाभर आम्ही घरात चपला घालून वावरलो,
नवरा स्वयंपाकघरातही.

पाचवं मात्र जमलं.
चारी कोपरे काटकोनात, दाब सारखा, मोर सगळे उभे.
उलटवायला गेले
आणि हात थांबला.
चेन बंद होती.
चेन ओढायचं टोक आत, मोर आत,
बाहेर नुसत्या शिवणी, दोरे, खडूच्या रेघा.
असं घर, ज्याचं दार आतून लावलंय
आणि आत कोणी नाही.

पातं घेतलं. एक टाका, दुसरा टाका,
तिसऱ्याला कापडच फाटलं.
तिथे एक बटण टाचलं.
शेजारची पोर विचारते, "हे इथे कशाला?"
म्हटलं, डिझाइन.

सहाव्याबद्दल विचारू नका.

सातवं सुकलालकडे नेलं.
मला वाटलं, मोर बघेल.
त्यानं चेन उघडली, सगळं घर बाहेर ओढलं,
उलट्या बाजूवरून अंगठा फिरवत गेला,
हळू, पावसाळ्यात भिंतीची ओल तपासावी तसा.
एका कोपऱ्यात थांबला.
मी आधीच म्हणाले, "तिथे दोनदा शिवलंय."
"दोनदा उसवं व्हतं का?"
"तीनदा."
"मंग ठीक से."

मग सुलटं केलं.
स्वतःचा चष्मा उतरवला,
दोऱ्यानं बांधलेली काडी जपून दुमडली,
आत ठेवला, चेन लावली,
आणि डोळे बारीक करून माझ्या दिशेनं पाहिलं,
जिथे मी असेन असं त्याला वाटत होतं तिथे.
"कितलाले?"

भावाचा विचार मी केलाच नव्हता.
अस्तरावर एक पिवळी चिठ्ठी काढायची राहून गेलेली,
मीटरला एकशे दहा.
ती आता त्याच्या चष्म्याला घासत असेल.

दुसऱ्या दिवशी
चोपड्याची गाडी पाचऐवजी चारवर पुकारली.
लोक धावले. मी माईक पुन्हा उघडला.
टेबलावर माझा चष्मा,
अजून घर नसलेला, रुमालात.