छप्पन्न वेढे

यामूच्या शाळेत एक कम्प्युटर आहे,
फुलाफुलाच्या कापडाखाली झाकलेला.
चावी मुख्याध्यापकांकडे, मुख्याध्यापक दारव्ह्याला.
म्हणून मडावी सर फळ्यावरच कोडिंग शिकवतात
आणि ती घरी येऊन वहीत प्रोग्राम लिहिते.
चालवायला मी.

"बाबा, तुमी कम्प्युटर व्हा.
मी लिहिलं तेवढंच करा, आपल्या मनचं नका करू."
वायंडिंग सोडून उठतो, हाताला वार्निश,
पहिली ओळ वाचतो, दोन पावलं पुढे जातो,
दुसरी वाचतो, उजवीकडे वळतो
आणि गिऱ्हाइकाच्या सायकलीवर आदळतो.
"चूक माही हाय," ती म्हणते. खोडते.
पुन्हा आदळतो.

मे महिन्यात जळक्या मोटारींचं तांबं विकलं
आणि नागपूरची बस धरली.

सीताबर्डीत पहिल्या दुकानात जुना लॅपटॉप, साडेनऊ हजार,
बिजागरी ढिली.
पोरगा म्हणाला, काका, हलवला नाही तर काही होत नाही.
दुसरीकडे कुठल्याशा बँकेतून निघालेला काळा डबा,
पाठीवर अजून त्यांचा नंबर.
चालू केला तर घरघरला.
कान लावला: पंख्याचं बुश गेलेलं.
मला बुश ऐकू येतं. रॅम ऐकू येत नाही.

तिसऱ्याने काउंटरवर ठेवली
पत्त्याच्या पानाएवढी हिरवी पट्टी,
सगळं अंगावरच, उघडं.
"हाच कम्प्युटर?"
"हाच. कार्ड, चार्जर, कीबोर्ड, डबी वेगळी."
"उघडता येतो का?"
तो हसला. "काका, हा बंदच नाहीये."

तिथेच ठरलं.
मी जे काही दुरुस्त करायला शिकलो
त्याचं झाकण माझ्याआधी कोणीतरी काढून ठेवलं होतं.
डबी तेवढी नको म्हटलं.

कळंब गेल्यावर आठवलं, पडदा?

घरी बायकोने पट्टी तळहातावर घेतली, तोलली.
"येवढ्याशाले चार हजार?
साबनाची वडी तरी फेस करते."
मी माळ्यावरून जुना टीव्ही उतरवला,
ढेरीवाला, पिवळ्या पिनेचा.
वायर जुळेना, मग कापून डाग दिला.
पट्टी बसवली बेअरिंगच्या रिकाम्या खोक्यात,
वर छापलेला नंबर तसाच: बासष्ट शून्य तीन.

संध्याकाळी जमलं नाही.
गावातले पंप सुरू असले की व्होल्टेज गुडघे टेकतं.
साडेदहाला आलं एकदाचं,
पडद्यावरची अक्षरं फुटलेल्या बोंडांसारखी फुगलेली,
पण वाचता येणारी.

यामूने माझ्यासाठी लिहिलं आधी.
एका कॉइलला छप्पन्न वेढे,
आणि मधेच कोणी 'झाली का मोटार' विचारलं
की माझी गिनती जाते, हे तिला ठाऊक.
बटण दाबलं.
वेढा शून्य. वेढा एक. वेढा दोन.
सरसर वर गेलं सगळं
आणि पंचावन्नवर थांबलं.

"एक कमी हाय," मी म्हटलं. "मोटार जयन."
"नाई बाबा. थे शून्यापासून मोजते."
"शून्यावा वेढा कोनता असते वं?"

ती थांबली. वहीत पाहिलं, वहीत नव्हतं.
मग रिळाची तार ओढली,
माझ्या बोटाभोवती एकदा फिरवली.
"हा. तुमी याले एक म्हनता.
थे शून्य म्हनते."

ती झोपल्यावर मी पुन्हा मोजले,
बोटांवर, मग भिंतीवर खडूने.
छप्पन्नच भरले.

सकाळी ठोंबऱ्यांची पाच एचपी घेतली,
फर्म्यावर तार धरली,
पहिला वेढा टाकला
आणि तोंडातून काही निघेना.

दारात दप्तर घेऊन ती उभी.
हसतही नव्हती, नुसती वाट पाहत होती
मी काय म्हणतो त्याची.