थंडीची तालीम

स्की शिकायला औलीला निघायचं फेब्रुवारीत,
आणि तिथल्या हॉटेलांचे दर ऐकून नायना म्हणाले,
गाडीत झोपू की.
आधी इथं झोपून बघू.

म्हणून गड्डमशेठकडनं मागून आणलेली ओम्नी
एका शनिवारी रात्री
हिप्परग्याच्या तलावाशी उभी केली आम्ही,
मागच्या चाकांना दोन दगड लावून.
मागची सीट काढलेली, रोज तिथं टॉवेलचे गठ्ठे असायचे.
पत्र्याला अजून खळीचा वास.

खिडक्यांना पडदे म्हणून टॉवेलच,
एक्स्पोर्टमधनं परत आलेले,
कडेला एक धागा चुकलेला.
कुठला, ते नायनांनी बोट ठेवून दाखवलं
अंधारात.

आईनं कडक भाकरी दिलेली, शेंगाचटणी,
आणि थर्मासमधे गरम पाणी,
बर्फात पाणी गोठतंय म्हणं.
सोलापूरचा जानेवारी म्हणजे काय?
पहाटे एक स्वेटर, दहाला घाम.
तरी आम्ही मोजे दोन-दोन घातले,
कानटोप्या ओढल्या
आणि घामेजून पडून राहिलो
हिमालयाची वाट बघत.

अकराला एक पोलीस आला. बॅटरी थेट तोंडावर.
"काय चाललंय बे?"
"सराव," नायना म्हणाले.
"कसला?"
"बर्फाचा."
तो तलावाकडं बघत राहिला थोडा वेळ.
मग म्हणाला, काच दोन बोटं उघडी ठेवा,
माणूस गुदमरतो आत.
आणि मोटरसायकल ढकलत नेली बरीच लांब,
तिथं जाऊन चालू केली.

मला झोप लागली. नायनांना नाही.
तीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात
उभ्या-उभ्या डुलकी काढलेला माणूस,
त्यांना ती शांतता टोचत होती.
तीनच्या सुमाराला त्यांनी किल्ली फिरवली,
मिनिटभर इंजिन ऐकलं
आणि बंद केलं.
बर्फात हे चालायचं नाही, स्वतःलाच म्हणाले,
धूर आत येतो.

उजाडताना काचा आतनं ओल्या.
मी बाहीनं पुसायला गेले तर म्हणाले, थांब.
रात्रभरात एवढं पाणी, बघ की,
आपल्या दोघांचं.
मग बराच वेळानं,
"बर्फ पडताना आवाज होतो काय गं?"
मला माहीत नव्हतं.

ओम्नी शेठनी त्याच महिन्यात विकली.
मी रेल्वेनं गेले, मग बसनं, एकटी.
किती वेळा पडले ते आईला अजून सांगितलेलं नाही.
पहिल्या रात्री वसतिगृहाची खिडकी
दोन बोटं उघडी ठेवली,
तर शेजारच्या खाटेवरची मुलगी केवढ्यांदा ओरडली.

चौथ्या दिवशी पडला.
मी फोन लावला, कारखान्यातच.
"नाही होत," म्हटलं.
पलीकडं माग चालू होते, सगळेच्या सगळे.
"काय?" नायना ओरडले,
"मोठ्यानं बोल!"